चित्रं काढता येतात, पण लोकांपर्यंत पोचवायची कशी?

इन्स्टाग्रामवर अकाउंट उघडायच्या आधी बारा-पंधरा चित्रं हातात असू द्या. हे सगळ्यात आधी सांगते कारण बहुतेक जण उलटं करतात, एक चित्र मनासारखं जमलं की त्याच रात्री नवीन अकाउंट, छान नाव, दोन पोस्ट, आणि तिसऱ्या पोस्टला हाताशी काहीच नाही म्हणून मग महिनाभर शुकशुकाट. तुमच्या प्रोफाइलवर येणारा अनोळखी माणूस एक चित्र बघून आत येतो पण फॉलो करायचं की नाही हे तो बाकीची आठ-नऊ चित्रं बघून ठरवतो. ती असायला पाहिजेत, आणि एका हातची वाटायला पाहिजेत. सगळी एकाच विषयाची हवीत असं अजिबात नाही, पण एक वारली, एक मंडला, एक पेन्सिल पोर्ट्रेट, मधेच रेझिनचे कोस्टर असं सगळं एका जागी दिसलं की बघणाऱ्याला कळत नाही हिच्याकडे नेमकं मागायचं काय. शिकताना सगळं करून बघाच, मीही करते, पण दाखवायला त्यातलं एक निवडा.

मी वॉटरकलर करते, साताऱ्यात राहते, नोकरी सांभाळून करते आणि २०२१ पासून चित्रं ऑनलाइन टाकतेय. वाई, मेणवली, सज्जनगड, आमच्याकडचे बाजाराचे दिवस हे माझे विषय. फॉलोअर चार हजारांच्या आसपास आहेत, म्हणजे फार नाहीत, पण गेली तीन वर्षं महिन्याला दोन-तीन चित्रं जातात, कागद-रंगांचा खर्च निघतो आणि वर थोडे पैसे उरतात. मी खाली जे लिहितेय ते या मापाचं आहे. लाखभर फॉलोअर कसे करायचे ते मला सांगता येणार नाही, पण घरात बसून चित्रं काढणाऱ्या माणसाला पहिले पन्नास-शंभर खरे रसिक आणि पहिली दहा गिऱ्हाइकं कशी मिळतात ते मी स्वतः केलंय म्हणून सांगू शकते.

आणि त्यात मला सापडलेली मुख्य गोष्ट ही की लाइक मोजायचे नाहीत, विचारणा मोजायची. "हे केवढ्याला?", "अजून आहे का?", "आमच्या गावच्या देवळाचं असं काढून द्याल का?" असं महिन्यात किती जणांनी विचारलं ते मी एका वहीत लिहून ठेवते. माझ्या एका रीलला साठ हजार व्ह्यू आले होते आणि एकही विचारणा नव्हती, आणि एका साध्या फोटोला एकशेदहा लाइक होते त्यातून तीन चित्रं गेली. तेव्हापासून कुठलीही पोस्ट टाकताना मी एवढंच बघते की ज्याला विचारावंसं वाटेल त्याला विचारणं सोपं जावं.

आधी व्हॉट्सॲप, मग इन्स्टा

नवीन मुलं व्हॉट्सॲपला धरतच नाहीत, त्यांना वाटतं ते घरगुती आहे. अहो पण तुमची पहिली गिऱ्हाइकं घरगुतीच असणारेत! माझं पहिलं चित्र गेलं ते स्टेटस बघून, शाळेतली मैत्रीण, लग्न होऊन पुण्यात, माहेर वाईचं, तिने मी टाकलेला गणपती घाट बघितला आणि रात्री अकराला मेसेज, आईच्या साठीला द्यायचंय, देशील का. इन्स्टावर तेव्हा मला ऐंशी फॉलोअर होते आणि त्यातले निम्मे माझ्यासारखेच चित्रं काढणारे. चित्रकार चित्रकाराला लाइक देतो, शिकवतो, धीर देतो, हे सगळं लागतंच, पण विकत घेणारा बहुतेक वेळा वेगळा असतो, त्याला चित्रकलेतलं काही कळत नसतं पण तो घाट त्याच्या लहानपणचा असतो.

स्टेटसबद्दल एक साधी गोष्ट लक्षात ठेवा, तुमचा नंबर समोरच्याने सेव्ह केलेला असेल आणि त्याचा तुम्ही, तरच त्याला तुमचं स्टेटस दिसतं. म्हणून प्रदर्शनात, लग्नात, ट्रेनमध्ये कोणी चित्रांबद्दल विचारलं तर नुसतं कार्ड देऊन थांबू नका, तिथल्या तिथे दोघांनी नंबर सेव्ह करा. स्टेटस २४ तासांत जातं त्यामुळे मी संध्याकाळी आठच्या पुढे टाकते, जेवणं उरकून लोक फोन घेऊन बसतात ती वेळ. दिवसाला एकच चित्र, खाली दोन ओळी. आणि कुटुंबाच्या ग्रुपवर रोज चित्र टाकू नका, आत्या-काका चार दिवस अंगठा देतील आणि पाचव्या दिवशी ग्रुप म्यूट करतील, महिन्यातून एकदा टाकलं तर मात्र सगळे मनापासून बघतात आणि पुढेही पाठवतात.

विक्री करायची असेल तर व्हॉट्सॲप बिझनेस ॲप घ्या, फुकट आहे, त्यात कॅटलॉग करता येतो, चित्राचा फोटो, साइज, किंमत एकदा भरून ठेवली की विचारणाऱ्याला लिंक पाठवायची, झालं. दर वेळी गॅलरीत फोटो शोधत बसायला नको.

फोटो

इथे मी थोडं जास्त लिहिणार आहे कारण चांगलं चित्र वाईट फोटोमुळे मारलं जातं हे मी रोज बघते. ट्यूबलाइटखाली कागद निळसर येतो, पिवळ्या बल्बखाली कावीळ झाल्यासारखा, फ्लॅश मारला तर ऑइल आणि ॲक्रिलिकवर मधोमध चमक. काही महागडं लागत नाही. सकाळी नऊ ते अकरा, खिडकीजवळ किंवा गॅलरीत, जिथे उजेड भरपूर आहे पण ऊन थेट पडत नाही अशी जागा. चित्र भिंतीला टेकवून सरळ उभं करा, फोन चित्राच्या बरोबर समोर, वर-खाली वाकलेला नको, नाहीतर चौकट पतंगासारखी तिरपी दिसते. फोनमध्ये ग्रिडच्या रेषा चालू करा आणि चित्राची कड त्या रेषेला लावा. जवळ जाऊन काढू नका, दोन पावलं मागे येऊन थोडं झूम करा, कडा वाकत नाहीत.

रंग खरे येण्यासाठी मी चित्राच्या बाजूला एक कोरा पांढरा कागद ठेवते आणि नंतर फोनच्या एडिटमध्ये तो कागद पांढरा दिसेपर्यंत वॉर्म-कूल, म्हणजे पिवळसर-निळसरपणा, कमीजास्त करते, मग कागद क्रॉप करून टाकते. एवढंच एडिटिंग. रंग भडक करू नका हो, गिऱ्हाइकाच्या हातात मूळ चित्र पडल्यावर त्याला ते फिकं वाटतं आणि त्याचा हिरमोड होतो, माझ्याकडून सुरुवातीला एकदा असं झालंय आणि त्या बाईंचा नंतरचा नुसता "ठीक आहे" एवढा मेसेज मला अजून आठवतो. वॉटरकलर असेल तर पूर्ण वाळू द्या, ओला रंग गडद दिसतो आणि वाळल्यावर उतरतो. काचेच्या फ्रेममध्ये घालायच्या आधीच फोटो काढून ठेवा, नंतर काचेत तुम्ही आणि तुमचा फोनच दिसता.

चित्र ए-फोर किंवा त्याहून लहान असेल तर झेरॉक्सवाल्याकडे नेऊन ३०० डीपीआयला स्कॅन करून आणा, पुढे प्रिंट, ग्रीटिंग, बुकमार्क काढायचे झाले तर तीच फाइल लागते. ती मोठी फाइल स्वतःजवळ ठेवायची, इंटरनेटवर छोटी टाकायची. इन्स्टासाठी उभा फोटो करा, १०८० बाय १३५० पिक्सेल, आडव्या चित्राला वर-खाली पांढरी जागा सोडा. २०२५ पासून प्रोफाइलवरचे चौकोनही उभे झालेत, आधी ते चौरस होते, त्यामुळे जुने चित्रकार सांगतात ते चौरसाचं माप आता धरू नका.

आणि प्रत्येक चित्राचा एक फोटो असा काढा की साइज कळेल. हातात धरलेलं, टेबलावर चहाच्या कपाशेजारी, भिंतीवर लावलेलं. अकरा बाय पंधरा इंच म्हटलं तर लोकांना डोळ्यापुढे काही येत नाही.

व्हिडिओ करायचाच का

करा, पण जिवावर उदार होऊन करू नका. भारतात जून २०२० मध्ये टिकटॉक बंद झालं आणि लगेच जुलैत इन्स्टाने रील आणलं, तेव्हापासून अनोळखी लोकांपर्यंत पोचायचा तो मोठा रस्ता झालाय हे खरं आहे. चित्रकाराचा एक फायदा असा की आपल्याला नाचायचं नाही, चेहरा दाखवायचा नाही, लोकांना रंग कागदावर पसरताना बघायला मुळातच आवडतं. स्टीलचे दोन उंच डबे, त्यावर आडवी पट्टी, पट्टीला रबरबँडने फोन बांधायचा, माझं पहिलं वर्ष असंच गेलं, नंतर स्टँड घेतला. फोन बरोबर वरून, हाताची सावली कागदावर पडणार नाही अशा बाजूला खिडकी, म्हणजे उजव्या हाताने काढत असाल तर उजेड डावीकडून.

सगळा तास-दीड तास शूट करत बसू नका, फोन तापतो आणि मेमरी भरते. पाच-सहा ठिकाणी अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे तुकडे घ्या, कोरा कागद ओला करताना, पहिला आकाशाचा वॉश म्हणजे पातळ रंगाचा हात देताना, सावल्या टाकताना, शेवटी कागदाच्या कडांना लावलेली टेप काढताना. टेप काढून पांढरी चौकट मोकळी होते तो क्षण लोक पुन्हा पुन्हा बघतात. वीस-तीस सेकंदांचं रील पुरतं. आणि तयार चित्र पहिल्याच सेकंदाला दाखवा, शेवटपर्यंत राखून ठेवू नका, लोक शेवटपर्यंत थांबतील असं धरून चालता येत नाही.

गाण्याचं बघा जरा, अकाउंट प्रोफेशनल करताना क्रिएटर आणि बिझनेस असे दोन पर्याय येतात, बिझनेसला बरीच प्रसिद्ध गाणी वापरता येत नाहीत, म्हणून सुरुवातीला क्रिएटर बरं. त्यापेक्षाही बरं म्हणजे स्वतःचा आवाज. मराठीत बोला, घरात बोलता तसं. "आता इथे मी पाणी जास्त घेतलंय कारण मला नदीतली सावली मऊ हवीय" एवढं जरी बोललात तरी गाण्यापेक्षा जास्त लोक थांबतात असा माझा अनुभव आहे, आणि विचारणा तर नक्कीच जास्त येते कारण लोकांना माणूस ओळखीचा वाटायला लागतो.

व्हिडिओ जमतच नसेल तर कॅरोसेल करा, एका पोस्टमध्ये आता वीस फोटो बसतात. तेवढे नकोतच. पूर्ण चित्र, मग जवळून एक कोपरा, मग वहीतलं कच्चं रेखाटन, मग त्या जागेचा फोटो, आणि शेवटी साइज-किंमत लिहिलेला एक कागद.

खाली काय लिहायचं

"वॉटरकलर ऑन पेपर" एवढंच लिहिलेलं असतं बहुतेक ठिकाणी, जोडीला नुसते हॅशटॅग. मी मेणवलीचा घाट दोनदा टाकलाय. पहिल्यांदा असंच लिहून. दुसऱ्यांदा त्या घाटावरच्या घंटेबद्दल लिहिलं, की ही पोर्तुगीजांची घंटा, १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर मराठ्यांनी आणलेली, आणि नाना फडणवीसांच्या वाड्याशेजारी आज नदीकडे तोंड करून टांगलेली आहे, आणि मी चित्र काढत असताना एक आजोबा येऊन म्हणाले की आम्ही लहानपणी या घाटावरून उड्या मारायचो. चित्र जवळजवळ तेच, पण दुसऱ्या पोस्टखाली लोक आपापल्या आठवणी लिहायला लागले, कोणाचं आजोळ, कोणाची शाळेची सहल, आणि त्यातल्याच एकाने ते घेतलं. म्हणून जागेबद्दल लिहा, माणसाबद्दल लिहा, चित्रात काय बिघडलं होतं आणि कसं सावरलं ते लिहा. चार-सहा ओळी. मोठे शब्द नकोत.

गावाचं, जागेचं नाव मात्र स्पष्ट लिहा आणि लोकेशन टाका, कारण लोक इन्स्टावर आता गुगलसारखं शोधतात. नाव मराठीत आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन्ही टाका, बाहेरगावी, परदेशात असलेली आपली माणसं बऱ्याचदा इंग्रजीत टाइप करून शोधतात. हॅशटॅग तीन ते पाच बास, त्या चित्राशी खरंच संबंध असलेले.

कधी टाकायचं हेही थोडं आपल्या पंचांगाप्रमाणे ठरवा. आषाढी एकादशीच्या दिवशी सगळ्या महाराष्ट्राचे विठ्ठल एकदम येतात, त्यात नव्या माणसाचं चित्र कोणाला दिसणार? ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून आमच्या जिल्ह्यात येते, लोणंद, मग चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण, फलटण, तेव्हाच मी वारीची स्केचेस टाकते, त्या-त्या मुक्कामाला ते-ते चित्र. तेव्हा लोक वारीच्या बातम्या बघतच असतात आणि एकादशीला अजून बरेच दिवस असतात. दिवाळीची ग्रीटिंग आणि बुकमार्क नवरात्रात दाखवायचे, दिवाळीत नाही, कारण पोस्टाने पोचायला हवेत. कॅलेंडर काढणार असाल तर नोव्हेंबरच्या आत छापून हातात पाहिजे. आणि ज्यांचं रेखाटन चांगलं आहे त्यांनी दिवाळी अंकांना पावसाळ्याच्या सुरुवातीलाच आठ-दहा कामं मेल करून ठेवावीत, अंकांची कथाचित्रं, मुखपृष्ठं त्याच महिन्यांत ठरत असतात. दीनानाथ दलालांच्या मुखपृष्ठांपासून आपल्याकडे लोकांना चित्रकाराची ओळख दिवाळी अंकातून होत आलीय, सोशल मीडियाच्या नादात हा रस्ता सोडू नका, छापून आलेलं रेखाटन इन्स्टावर टाकता येतंच.

किंमत

आता सगळ्यात अवघड. आपल्याकडे चित्राची किंमत सांगायची लाज वाटते. मी पहिली दोन वर्षं "किमतीसाठी मेसेज करा" असं लिहायचे, आणि मला वाटायचं की लोकांना नको असेल म्हणून विचारत नाहीत. ज्या दिवशी पोस्टमध्येच आकडा लिहायला लागले त्या महिन्यापासून विचारणा वाढल्या. समोरच्यालाही संकोच असतो हो, विचारलं आणि परवडलं नाही तर काय बोलायचं, म्हणून तो विचारतच नाही. आकडा दिसला की ज्याला जमतं तो येतो, ज्याला नाही तो मनात ठेवतो आणि दिवाळीला बोनस झाला की येतो, हे खरंच झालंय.

आकडा काढायचा कसा? मी चौरस इंचाने काढते. अकरा बाय पंधराचा पाव इंपीरियल कागद म्हणजे १६५ चौरस इंच, सुरुवातीला मी इंचाला १५ रुपये धरले, झाले २,४७५, वर माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) आणि कुरियर वेगळं. तुमचा दर तुमचा, दहा धरा, वीस धरा, पण एकच ठेवा, म्हणजे मैत्रिणीला एक आणि अनोळख्याला एक असं होत नाही आणि "तिला तर कमीत दिलंस" हे ऐकायला लागत नाही. वर्षातून एकदा वाढवा, जानेवारीत, आणि आधी महिनाभर सांगून वाढवा.

नातेवाइकांचं काय करायचं हे मला सगळ्यात जास्त विचारतात. "आम्हाला एक काढून दे की, तुला काय, दोन तासांचं काम." मी आता असं म्हणते, मावशी, तुम्हाला पोस्टकार्डाएवढं एक माझ्याकडून भेट, मोठं हवं असेल तर ठरलेल्या किमतीत, कागदच आता महाग झालाय. हसत म्हणायचं पण म्हणायचंच. नव्वद टक्के लोक समजून घेतात, आणि एका मावशीने तर नंतर स्वतःहून पूर्ण पैसे देऊन दोन घेतली.

ऑर्डरचं काम असेल तर निम्मे पैसे आधी. नियम म्हणूनच ठेवा. मी २०२२ मध्ये एका हॉटेलवाल्यांना सहा चित्रं दिली, आमच्याकडे खूप लोक येतात, तुमचं नाव होईल, पैसे उद्घाटन झाल्यावर बघू. चित्रं लागली, उद्घाटन झालं, माझं नाव कुठेच नव्हतं आणि पैसेही आले नाहीत. दीड महिन्याच्या संध्याकाळी होत्या त्या. तेव्हापासून साइज, विषय, तारीख, किंमत, एक कच्चं स्केच दाखवणार, त्यात दोन बदल फुकट, त्यापुढे जादा पैसे, हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवते आणि समोरच्याचा "ओके" आल्याशिवाय कागद कापत नाही.

फसवणारे मेसेज

फॉलोअर दोनशे-तीनशे झाले की हे यायला लागतात, त्यामुळे आधीच माहीत असू द्या. चित्र घ्यायचंय म्हणतो, भाव करत नाही, लगेच तयार, आणि मग क्यूआर कोड पाठवतो की हा स्कॅन करून पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील. पैसे घेताना यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन टाकला म्हणजे तुमच्याच खात्यातून गेले. दुसरा प्रकार, परदेशी नाव, तुमची चित्रं एनएफटी, म्हणजे ऑनलाइन विकायची डिजिटल मालकी, म्हणून हजारो डॉलरला घेतो, फक्त आधी अमुक साइटवर थोडी फी भरा. तिसरा, तुमच्या पोस्टवर कॉपीराइटची तक्रार आलीय, या लिंकवर लॉगिन करा नाहीतर अकाउंट बंद, तो पासवर्ड चोरायचा प्रकार आहे. आणि प्रत्येक चित्राखाली "आमच्या पेजला पाठवा" अशा कमेंट येतात, पाठवलं की पैसे मागतात, तिथे कोणी रसिक नसतो. टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन, म्हणजे पासवर्डशिवाय आणखी एक कोड मागणारी सोय, आजच चालू करा. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितका उशीर तितकं अवघड.

चित्र चोरीला जाईल ही भीती सगळ्यांना असते. कायद्याने चित्र काढल्या क्षणी त्याचा कॉपीराइट तुमचा असतो, १९५७ च्या कायद्यात त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही, आणि तो तुमच्या हयातीत आणि नंतर साठ वर्षं राहतो. पुरावा म्हणून कच्ची स्केचेस, काम चालू असतानाचे फोटो, तारखा जपून ठेवा, कोणी चित्र उचललं तर इन्स्टावरच तक्रारीचा फॉर्म असतो तो भरा. सही चित्रातच करा, अगदी कोपऱ्यात नको, जरा आत, जिथून क्रॉप करता येणार नाही. मधोमध मोठा वॉटरमार्क मात्र नको, चित्रच दिसत नाही.

पण हेच उलट्या बाजूनेही पाळायचं. नेटवर सापडलेल्या फोटोवरून चित्र काढलं तर फोटोग्राफरला विचारा, बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात आणि स्वतः शेअरही करतात. एखाद्या मोठ्या चित्रकाराचं काम शिकण्यासाठी कॉपी केलं असेल तर तसं लिहा, मूळ कोणाचं ते लिहा, आणि ते विकू नका. वारली, पिंगुळीची चित्रकथी असलं काही करत असाल तर ते कुठून शिकलात, कोणाकडून शिकलात हे लिहा. वारलीला २०१४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, त्यामागे पालघर-डहाणूकडच्या पाड्यांमधल्या माणसांच्या कितीतरी पिढ्या आहेत, जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्यांनी ती जगभर नेली. आपण यूट्यूब बघून दोन तासांत काढलेल्या कपवर नुसतं "वारली आर्ट बाय मी" लिहिणं मला खरंच पटत नाही. ज्यांची कला आहे त्यांची अकाउंट आता इन्स्टावर आहेत, त्यांना टॅग करा, तुमच्याकडे येणारा माणूस तिकडेही जाऊ दे.

किती वेळ द्यायचा

आठवड्याला दोन पोस्ट. मी रविवारी सकाळी दोन तास काढते, सगळे फोटो, सगळं लिहिणं एकदम, आणि मग पोस्ट वेळ लावून शेड्यूल करते. बाकीचे दिवस चित्र काढायचं. रोज टाकायलाच पाहिजे असं म्हणणाऱ्यांचं ऐकून मी एका उन्हाळ्यात रोज टाकलं होतं आणि दोन महिन्यांनी माझं ब्रश धरायचं मन उडालं होतं, चित्र काढताना सुद्धा रील कसं दिसेल हाच विचार. कमेंटना मात्र त्याच दिवशी उत्तर द्या, नुसता हात जोडल्याचा इमोजी नाही, नाव घेऊन एक वाक्य. रोज दहा मिनिटं दुसऱ्यांच्या कामावर खरी कमेंट करा, "या झाडाची सावली जांभळी केलीत ते आवडलं" अशी. अशाच एका कमेंटवरून माझी पुण्यातल्या रविवारी बाहेर बसून स्केच करणाऱ्यांशी ओळख झाली, आणि त्यांच्यासोबत शनिवारवाड्यासमोर बसले असताना मागे उभं राहून बघणाऱ्या एका काकांनी तिथेच वहीतलं पान मागितलं.

म्हणून फोनच्या बाहेरही पडा. मुंबईला गेलात तर काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीच्या बाहेर फुटपाथवर बसणारे चित्रकार बघा, ते येणाऱ्याशी कसं बोलतात, किंमत कशी सांगतात, हे कुठल्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत. गावच्या शाळेत, वाचनालयात, गणपती मंडळात दोन दिवसांचं छोटं प्रदर्शन लावा, प्रत्येक चित्राखाली तुमच्या इन्स्टाचा क्यूआर आणि किंमत. माझे सगळ्यात टिकून राहिलेले फॉलोअर असेच आलेत.

चित्र गेलं की मागच्या बाजूला पेन्सिलने नाव, गाव, साल आणि इन्स्टाचं नाव लिहा, दहा वर्षांनी कोणी फ्रेम उघडली तरी तुम्ही सापडाल. कागद बटर पेपरमध्ये, मग दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये, चारी बाजूंनी टेप, वरून प्लॅस्टिक, कारण पावसाळ्यात पार्सल भिजतंच. गुंडाळी करू नका, जाड कॉटन कागदाला बाक येतो. मी स्पीड पोस्टने पाठवते आणि ट्रॅकिंग नंबर लगेच समोरच्याला देते. आत हाताने लिहिलेली चिठ्ठी, चित्र कुठे बसून काढलं, त्या दिवशी हवा कशी होती, उन्हात लावू नका, एवढंच. आणि पोचल्यावर आठवड्याने विचारायचं, भिंतीवर लावलं असेल तर फोटो पाठवाल का, इन्स्टावर टाकू का. हो म्हणाले तर स्टोरीला टाकून प्रोफाइलवर कायम दिसणाऱ्या हायलाइटमध्ये ठेवायचं. माझ्या त्या हायलाइटचं नाव "भिंतीवर" आहे, आत्ता त्यात एकोणचाळीस घरं आहेत, आणि नवीन विचारणारा माणूस बहुतेक वेळा तेच आधी उघडून बघतो.